आधी पाहिलेली, आता ऐकलेली ‘स्टार ट्रेक’

‘स्टार ट्रेक’ या मूळ अमेरिकन मालिकेची तिन्ही पर्वे मी अलीकडे ब्ल्यू-रे डिस्कवर क्रमाने पाहून पूर्ण केली. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने हा संच आणि तो लावायचा प्लेयर अशा दोन्ही वस्तू दिवाळीत गावी आणून दिल्या होत्या. भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मिरचीचे तोडे संपून संध्याकाळी थोडी उसंत मिळू लागली, तेव्हापासून एकेक भाग पाहण्याचा परिपाठ सुरू झाला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी ७९ भागांनंतर थांबली. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांच्या आत माणूस चंद्रावर उतरला. अंतराळयाने, प्रकाशाची शस्त्रे आणि क्षणात माणूस इकडून तिकडे पाठवणारे यंत्र यांसाठी ही मालिका ओळखली जाते. सगळी पाहून झाल्यावर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. ही मुख्यतः बोलण्याची मालिका आहे. कठीण प्रसंगी तीन-चार माणसे एकमेकांशी कसे बोलतात, कोण कोणाचे ऐकतो आणि ऐकल्यावर निर्णय कसा बदलतो, हाच तिचा खरा विषय आहे, आणि यंत्रे त्या बोलण्याला जागा करून देण्यासाठी आहेत.

हे मला इतक्या उशिरा दिसण्याचे कारण साधे आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन ही मालिका रविवारी सकाळी दाखवत असे, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि इंग्रजीशी आमचा काहीही संबंध नव्हता. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कृष्णधवल संच होता. त्याचा अँटेना कवेलूंच्या छपरावर उंच बांबूला बांधून नागपूरच्या दिशेने वळवलेला असे, आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. आम्हा मुलांना त्या मालिकेतून जे मिळाले ते सगळे डोळ्यांनी मिळाले. टोकदार कानांचा, कधीही न हसणारा एक माणूस, माणूस जवळ येताच आपोआप सरकणारी दारे, चकाकत्या खांबात विरघळून जाणारी माणसे आणि खिडकीबाहेरून धावणारे तारे, एवढाच आमचा ‘स्टार ट्रेक’ होता. कथा आम्ही आपापल्या मनाने रचत असू आणि दुपारी नाल्यावर तीच खेळत असू. त्या रचलेल्या कथांमध्ये नेहमी युद्ध असे, कारण न कळणाऱ्या भाषेत मोठ्या आवाजात बोलणारी माणसे भांडतच असणार, असे लहान मुलाला वाटते.

आता डिस्कवर इंग्रजी अक्षरे खाली उमटतात, हवे तिथे थांबता येते, पुन्हा मागे जाता येते. अमेरिकेत पुनःप्रक्षेपणांच्या काळात जाहिरातींना जागा करण्यासाठी भागांना जी कात्री लागत असे, तीही इथे नाही. प्रत्येक भाग सुमारे ५० मिनिटांचा, पूर्ण आहे. त्यातली माणसे भांडत नव्हती, विचार करत होती, हे मला आता कळले.

रंगांचेही तसेच झाले. यानाचा कप्तान कर्क याच्या सदऱ्याचा रंग सोनेरी, टोकदार कानांचा तो स्पॉक व डॉक्टर मॅकॉय यांच्या सदऱ्यांचा निळा आणि अभियंता स्कॉटीचा लाल, ही गोष्ट जगातल्या बहुतेक प्रेक्षकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, मला ती इतक्या वर्षांनी दिसली. कप्तानाच्या सदऱ्याचे कापड मुळात हिरवट होते आणि फिल्मवर ते सोनेरी उमटले, असे सांगतात. त्या काळी एनबीसी ही आरसीए या कंपनीच्या मालकीची होती आणि आरसीए रंगीत दूरदर्शन संच विकत होती, त्यामुळे रंग खुलून दिसणारी मालिका त्यांना हवीच होती. पण छायाचित्रकार जेरी फिनरमन यांनी रंगांचा जो उपयोग केला आहे तो व्यापारापलीकडचा आहे. राखाडी रंगाच्या साध्या भिंतीवर त्यांनी जांभळा, हिरवा, केशरी प्रकाश टाकला. एखाद्या दृश्यात कर्क एकटा पडतो तेव्हा त्याच्या मागची भिंत थंड निळी होते, आणि त्याच खोलीत पुढच्या प्रसंगी मित्र आला की तीच भिंत उबदार दिसते. पैसे कमी असताना प्रकाशाने इतके काम करून घेता येते, हे पाहून मी अनेकदा दृश्य थांबवून नुसती भिंत पाहिली आहे.

पैसे कमी होते हे सर्वत्र दिसते आणि ब्ल्यू-रेच्या स्वच्छ चित्रात तर अधिकच दिसते. डॉक्टरची काही उपकरणे म्हणजे बाजारातून आणलेल्या मिठाच्या डब्या आहेत. लहानपणी आम्हाला अद्भुत वाटलेली ती सरकती दारे पडद्यामागे उभे असलेले कामगार हाताने ओढत असत. माणूस विरघळवून ग्रहावर पाठवणारे यंत्रसुद्धा काटकसरीतून जन्मले, कारण दर भागात अवाढव्य यान जमिनीवर उतरवून दाखवण्याइतका खर्च परवडणारा नव्हता. या काटकसरीचा कथेला झालेला फायदा मोठा आहे. यान उतरवण्यात जाणारी मिनिटे वाचली आणि माणसे थेट प्रसंगात येऊन उभी राहू लागली.

इथे डिस्कविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. २००६ सालापासून या मालिकेची नवी आवृत्ती तयार झाली. तिच्यात यानाची, ग्रहांची आणि अवकाशातली दृश्ये संगणकावर नव्याने बनवली आहेत. २००९ साली ब्ल्यू-रे आली तेव्हा जुनी दृश्ये टाकून दिली नाहीत. प्रत्येक भागात जुनी हवी की नवी, हे प्रेक्षकाला निवडता येते. मी सुरुवातीला काही भाग नव्या दृश्यांसह पाहिले आणि मग कायमची जुनी निवडली. नवी दृश्ये वाईट मुळीच नाहीत, ती फार मेहनतीने आणि आदराने केलेली आहेत. पण आतल्या खोलीत लाकडी फळ्या, रंगीत बल्ब आणि रंगवलेले आकाश असताना बाहेर एकदम गुळगुळीत, निर्दोष यान दिसले की नजर अडखळते. जुने यान आतल्या माणसांच्याच हातचे वाटते. मॅट जेफरीज यांच्या रेखाटनांवरून बनवलेली त्या यानाची सुमारे ११ फुटांची प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तिच्या अंगावरून सरकणारा खरा प्रकाश आणि खरी सावली पाहण्यात जे समाधान आहे ते मला दुसरीकडे मिळाले नाही. याला अपवाद एकच, ‘द डूम्सडे मशीन’. ग्रह गिळत जाणाऱ्या यंत्राच्या त्या कथेत भंगलेले दुसरे यान दाखवण्यासाठी तेव्हा दुकानात मिळणारे प्लास्टिकचे खेळणेवजा मॉडेल जाळून वापरले होते. तिथे नवी दृश्ये कथेला खरोखर बळ देतात, म्हणून तो भाग मी नव्या रूपातच पाहावा असे सुचवेन.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कर्क हा निर्णय घेणारा, स्पॉक हा तर्काने बोलणारा आणि मॅकॉय हा माणसाच्या दुःखावर बोट ठेवणारा, अशी या तिघांची मांडणी सर्वांना माहीत आहे. ती इतकी सरळ असती तर मालिका दहा भागांत कंटाळवाणी झाली असती. प्रत्यक्षात लेखकांनी अनेकदा या भूमिका ऐन वेळी बदलल्या आहेत. १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग पाणबुडीच्या युद्धकथेसारखा रचलेला आहे. अदृश्य होऊ शकणाऱ्या रोम्युलन यानाचा पाठलाग सुरू होतो, आणि शत्रूचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा त्याचे कान स्पॉकसारखेच टोकदार निघतात. त्या क्षणापासून बाहेरच्या शत्रूपेक्षा यानाच्या आतला संशय मोठा होतो. एक अधिकारी सगळ्यांसमोर स्पॉककडे बोट दाखवू लागतो, आणि कर्क त्याला तिथल्या तिथे बजावतो की असली भावना आपल्या खोलीत ठेवावी, इथे तिला जागा नाही. मार्क लेनर्ड या नटाने केलेला रोम्युलन सेनापती तर कर्कइतकाच थकलेला, कर्कइतकाच विचारी आहे. हाच नट पुढे स्पॉकच्या वडिलांच्या भूमिकेत परत येतो. लहानपणी या भागातले एकही वाक्य न कळता मी सेनापतीला खलनायक मानले होते.

पण ज्या भागाविषयी लिहिण्यासाठी मी खरे तर बसले आहे तो ‘द डेव्हिल इन द डार्क’. ९ मार्च १९६७ रोजी तो प्रथम दाखवला गेला आणि त्याचे लेखन जीन कून यांचे आहे. मालिकेचे जनकत्व जीन रॉडनबेरी यांच्याकडे जाते आणि ते योग्यच आहे, परंतु पहिल्या पर्वाच्या मध्यापासून निर्माते म्हणून आलेल्या कून यांनी तिला तिचे मन दिले, असे माझे ठाम मत झाले आहे. डिस्कवर श्रेयनामावली थांबवून वाचत गेले की हे नाव चांगल्या भागांशी वारंवार जोडलेले आढळते.

कथा एका खाणीची आहे. जेनस सहा नावाच्या ग्रहावर पेर्जियम हे खनिज काढले जाते, आणि अनेक ग्रहांची वीज त्यावर अवलंबून आहे. खाणीत नवी पातळी उघडल्यापासून कोणीतरी कामगारांना मारू लागले आहे. ५०हून अधिक माणसे मेली आहेत, आणि मेलेली माणसे जळून कोळसा झालेली सापडतात. खडकातून, पाण्यातून चालावे तशी सहज वाट काढणारा हा जीव कोणी धड पाहिलेला नाही. कामगारांना तो मारायला हवा आहे आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण त्यांचे सोबती गेले आहेत. कर्कचाही आदेश तोच आहे. एकट्या स्पॉकची नजर व्यवस्थापकाच्या टेबलावर शोभेसाठी ठेवलेल्या गारेच्या गोळ्याकडे वारंवार जाते. असे हजारो गोळे नव्या पातळीवर सापडले होते आणि निरुपयोगी म्हणून फोडून टाकले होते.

उमरेडच्या कोळसा खाणींपासून आमचे गाव फार लांब नाही. खाणीत कामाला जाणारी माणसे आमच्या नात्यात आहेत, आणि दुसऱ्या बाजूला कऱ्हांडल्याचे जंगल आहे. म्हणून हा भाग मी सासूबाईंना शेजारी बसवून पुन्हा पाहिला आणि प्रत्येक संवाद मराठीत सांगत गेले. सासूबाईंनी वर्षानुवर्षे पहाटे अंधारात मोहफुले वेचली आहेत. वाघाची भीती त्यांनी अंगावर वागवलेली आहे. सुरुवातीला त्या खाणकामगारांच्याच बाजूने होत्या. “मारून टाका मना त्याले, किती मानसं खाल्ले त्यानं,” असे म्हणाल्या. मग स्पॉक त्या जखमी जीवाच्या अंगावर हात ठेवतो, त्याचे मन आपल्या मनाशी जोडतो आणि त्याची वेदना स्वतःच्या तोंडून ओरडून सांगू लागतो. तो जीव म्हणजे होर्टा. दर ५०,००० वर्षांनी साऱ्या होर्टा मरतात आणि एकच उरते. ती पुढच्या पिढीची अंडी राखते आणि तीच सगळ्यांची आई होते. खाणकामगारांनी फोडलेले गोळे म्हणजे ती अंडी. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिचे पिल्लं फोडले यायनं, तं ते काय चुप बसन? कोनतीबी माय हेच करन.”

या भागातली सर्वांत सूक्ष्म गोष्ट मला तिसऱ्यांदा पाहताना दिसली. सुरुवातीला मारण्याचा आदेश कर्कचा असतो आणि स्पॉक त्याला जिवंत पकडण्याविषयी सुचवतो. पुढे कर्क बोगद्यात एकटाच होर्टासमोर सापडतो, दगड कोसळून वाट बंद झालेली असते, आणि ती त्याच्यावर धावून येत नाही हे त्याच्या लक्षात येते. त्याच वेळी यंत्रावरून स्पॉक घाईघाईने सांगतो, कप्तान, तिला ताबडतोब मारा. मित्राचा जीव धोक्यात येताच तर्काचा पुतळा म्हणवला जाणारा स्पॉक आपले तत्त्व सोडतो, आणि समोर प्रत्यक्ष उभा असलेला कर्क बंदूक खाली करतो. दोघांपैकी कोणीही त्यावर भाषण करत नाही. लेखकाने एवढी मोठी गोष्ट दोन-तीन वाक्यांत नुसती घडू दिली आहे. होर्टा म्हणजे यानोश प्रोहास्का या कलावंताने स्वतः बनवून स्वतःच अंगावर ओढलेले रबरी आच्छादन आहे, हे स्पष्ट दिसते, आणि तरीही त्या बोगद्यातल्या दृश्यात श्वास रोखला जातो. शेवटी खवळलेले कामगार दंडुके घेऊन येतात, कर्क आणि स्पॉक आडवे उभे राहतात, सत्य सांगितले जाते, आणि तोडगा निघतो की पिल्ले बोगदे खोदतील आणि माणसे त्यातून खनिज काढतील. दोघांचाही त्यात फायदा आहे. डॉक्टर मॅकॉय जखमेवर इमारतीचे सिमेंट लावून तिला बरे करतो.

पाहून झाल्यावर आमच्या घरी बोलणे अर्थातच वाघांवर गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या परिसरात अवनी नावाने ओळखली जाणारी टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि तिच्या मागे दोन बछडे होते. शहरातल्या लोकांनी तिच्यासाठी अश्रू ढाळले आणि त्या गावांतल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. या दोन्ही भावना खऱ्या होत्या. आमच्याकडे धुऱ्यावर पायाचे ठसे दिसले की कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, आणि मजुरी बुडाली तर चूल कशावर पेटेल, हा प्रश्न जंगलावर प्रेम करून सुटत नाही. वाघीण स्पॉकसारख्या कोणाला आपली वेदना सांगू शकत नाही, आणि मालिकेतल्यासारखा दोघांच्या फायद्याचा तोडगा ५० मिनिटांत हाती येत नाही. तरीही या भागाचे मोल मला वाटते ते यात, की त्यात खाणकामगारांना दुष्ट ठरवलेले नाही. त्यांना माहीत नव्हते. माहीत झाल्यावर ते थांबले. आमच्या भागात मानव-वन्यजीव संघर्षावर होणाऱ्या चर्चेत गावकऱ्यांविषयी इतक्या आदराने बोललेले मी क्वचितच ऐकले आहे.

कून यांच्याच ‘अरेना’ या भागातही हाच धागा आहे. सरड्यासारख्या गोर्नने वसाहत उद्ध्वस्त केली म्हणून कर्क त्याच्या मागे लागतो, आणि शेवटी कळते की ती वसाहत गोर्नच्या हद्दीत, नकळत का होईना, उभारली गेली होती. हा भाग मारामारीत फार वेळ घालवतो, म्हणून मला तो होर्टाच्या तुलनेत कमी प्रतीचा वाटतो.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे काही भाग शाळेत दाखवल्यावाचून राहणे शक्य नव्हते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासांना आम्ही ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ पाहिला. डेव्हिड जेरॉल्ड यांनी लिहिलेला हा भाग २९ डिसेंबर १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला. ट्रिबल म्हणजे गोळ्यासारखा, लोकरीने भरलेला, गुरगुरत राहणारा निरुपद्रवी प्राणी. त्याला खायला मिळाले की तो पिल्ले देतो आणि दुसरे काही करत नाही. एका अवकाशस्थानकावर धान्याचा मोठा साठा ठेवलेला असतो आणि ट्रिबल त्यात शिरतात. कर्क कोठाराचे वरचे दार उघडतो आणि त्याच्या डोक्यावर शेकडो ट्रिबल कोसळत राहतात, तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला. पण मुलांना त्याहून आवडले ते स्पॉकचे गणित. कोठारात किती ट्रिबल असतील, तर तो सांगतो १७,७१,५६१. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर १२ तासांनी प्रत्येकी दहा पिल्ले, आणि तीन दिवस. मी भाग तिथेच थांबवला आणि मुलांना फळ्यावर बोलावले. प्रत्येक १२ तासांनी आधीचे एक आणि नवे दहा मिळून अकरा पट, तीन दिवसांत असे सहा टप्पे, म्हणून ११चा सहावा घात. १२१, १३३१, १४६४१, असे करत मुले शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचली आणि स्पॉकचे उत्तर तंतोतंत जुळले, तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले.

कापूस पिकवणाऱ्या घरातली मुले होती ती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे काय केले, हे त्यांनी घरी ऐकलेले आहे. सहावीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, यायले खानारं कोनी नाही का?” नेमका हाच प्रश्न कथेत आहे. आपल्या मूळ ग्रहावर ट्रिबलना आवरणारे शिकारी प्राणी असतात, इथे नाहीत, आणि अन्न अमर्याद आहे. शिवाय त्या धान्याचे नाव, क्वाड्रोट्रिटिकेल, कल्पित असले तरी त्याचा आधार खरा आहे. गहू आणि राय यांच्या संकरातून तयार झालेले ट्रिटिकेल हे धान्य आज अनेक देशांत पिकते. धान्य खाऊन ट्रिबल मरतात तेव्हा कळते की साठ्यात विष आहे. ते धान्य शर्मन्स प्लॅनेट या ग्रहावर पेरण्यासाठी जाणार होते, त्यामुळे उपद्रवी प्राण्यांनीच एक मोठे संकट टाळलेले असते. बियाण्यात फसवणूक झाली तर एका घराचे वर्ष बुडते, हे ज्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही, त्यांना या हसऱ्या भागाचा हा शेवट अतिशय गंभीरपणे कळला.

‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’ मी शाळेत दाखवलेला नाही. त्यात दोन ग्रह ५०० वर्षे संगणकावर युद्ध खेळत असतात. बॉम्ब पडत नाहीत, पण संगणकाने मृत ठरवलेली माणसे शिस्तीने जाऊन यंत्रात स्वतःला संपवतात. हा भाग मोठ्यांनी पाहावा. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा तर सर्वांनी गौरवलेला भाग आहे. हार्लन एलिसन यांची कथा, १९३०च्या मंदीतले न्यूयॉर्क, गरिबांना जेवू घालणारी एडिथ कीलर आणि तिच्यावर प्रेम जडलेला कर्क. ती वाचली तर तिची शांततेची चळवळ अमेरिकेचा युद्धात उतरण्याचा क्षण लांबवेल आणि नाझी जर्मनी जिंकेल, म्हणून तिला रस्त्यात मरू द्यावे लागते. तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला कर्क स्वतःच्या हातांनी अडवतो. हा भाग मी एकदाच पाहिला आहे आणि इतक्यात पुन्हा पाहणार नाही.

मालिकेत उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. तिसऱ्या पर्वाच्या आधी प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून मालिका वाचवली, पण वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली आणि खर्चही कमी केला. त्या पर्वाची सुरुवात ‘स्पॉक्स ब्रेन’ने होते. त्याचा लेखक म्हणून ली क्रोनिन हे नाव येते, आणि ते दुसरे कोणाचे नसून जीन कून यांचेच टोपणनाव आहे, हे कळल्यावर मला वाईट वाटले. सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या बाबतीत आहे. लेफ्टनंट उहुरा ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांना न सोडण्याचा आग्रह केला, ही हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्री यानाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसलेली दिसणे, याचे मोल किंग यांनी ओळखले. पण भागामागून भाग तिच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते, आणि शेवटचा भाग ‘टर्नअबाउट इंट्रूडर’ तर एका स्त्रीच्या कप्तान होण्याच्या इच्छेलाच वेडाचे रूप देतो. ज्या मालिकेने होर्टाची बाजू ऐकली तिने त्या स्त्रीची बाजू ऐकली नाही, याचे दुःख मला आहे, कारण माझ्या वर्गात मुली जास्त आहेत.

म्हणूनच संचातला ‘द केज’ हा भाग मला मोलाचा वाटतो. मालिकेच्या आधी बनवलेला आणि वाहिनीने नाकारलेला हा पहिला प्रयत्न. यात कर्क नाही, पाइक नावाचा वेगळा कप्तान आहे, आणि त्याची दुय्यम अधिकारी एक शांत, कर्तबगार स्त्री आहे. १९८६ साली हा भाग प्रथम व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा त्याची पूर्ण रंगीत प्रत हाती नव्हती, त्यामुळे काही दृश्ये रंगीत आणि काही रॉडनबेरी यांच्याकडच्या कृष्णधवल प्रतीतून घेतलेली होती. आता डिस्कवर तो पूर्ण रंगांत आहे. नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात यापासून करू नये. ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘द डेव्हिल इन द डार्क’ आणि ट्रिबलचा भाग आधी पाहावा, आणि मग याकडे यावे.

शाळेत पुढे ‘बॅलन्स ऑफ टेरर’ दाखवायचा आहे. इंग्रजी अक्षरे मुलांना वाचता येतात, पण ती फार भरभर जातात. म्हणून कर्क आणि रोम्युलन सेनापती यांचे महत्त्वाचे संवाद मी मराठीत लिहून काढते आहे. आदल्या दिवशी सातवीची दोन मुले ते वर्गात मोठ्याने वाचतील, आणि त्यानंतर आम्ही भाग लावू.